काटकसर स्टेजवर करावी, सावलीवर नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने उरकली की लग्नसराई सुरू होते. कार्यालयाचे किंवा लॉनचे भाडे झेपत नाही म्हणून अनेक घरांत आता पुन्हा दारापुढे, शेतात किंवा शाळेच्या पटांगणात मांडव घालण्याचा विचार होऊ लागला आहे. विचार चांगलाच आहे. मात्र भाडे वाचले म्हणजे खर्च वाचला, हे गणित बऱ्याचदा चुकते, कारण कार्यालयाच्या भाड्यात पाणी, वीज, भांडी, शौचालये आणि डोक्यावरचे छप्पर धरलेले असते आणि मोकळ्या जागेत यातली एकेक गोष्ट स्वतंत्रपणे आणावी लागते. हे ध्यानात येईपर्यंत फुलांची कमान, फिरते स्टेज आणि ठिणग्यांचे फवारे यांची सुपारी देऊन झालेली असते, आणि मग कात्री लागते ती पाहुण्यांच्या सावलीला.

उघड्यावरच्या लग्नात खर्चाचा मोठा भाग वेळेवर ठरतो. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत गोरज मुहूर्त सोयीचा असतो: ऊन उतरलेले असते, पंखे-कूलर लागत नाहीत आणि वेळ पाळली तर जनरेटरही फार चालवावा लागत नाही. खुर्च्या तेवढ्या पश्चिमेकडे तोंड करून मांडू नयेत, नाहीतर मंगलाष्टका होईपर्यंत सगळी मंडळी कपाळावर हात धरून बसतात. वैशाखात मात्र हाच मुहूर्त अडचणीचा ठरतो, कारण वळीव नेमका दुपार कलल्यावर येतो आणि त्याच्या आधीचा वारा मांडवाचे कापड उचलून नेतो. तेव्हा सकाळचा मुहूर्त धरून ऊन तापण्याआधी पंगती उठवलेल्या बऱ्या. अर्थात, अक्षता हातात घेतलेल्या लोकांना ताटकळत ठेवून पुढाऱ्यांचे सत्कार आणि शुभाशीर्वादाची भाषणे चालणार असतील, तर कोणताही मुहूर्त सोयीचा नाही.

मांडवाला झालरी कमी असल्या तरी चालतील, पण वर दाट शेडनेट हवी. ती शेतकऱ्याकडे पुष्कळदा घरचीच असते. चुलाण मांडवापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावे. ज्या झाडावर आग्यामोहोळ आहे त्याच्या आसपास तर ते मांडूच नये, कारण धुराने माश्या उठल्या की वऱ्हाडाला पळता भुई थोडी होते. पिण्याच्या पाण्याचे जार, वापरायच्या पाण्याचा टँकर आणि फिरती शौचालये यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. शौचालयांचा विषय बैठकीत काढायला लोक संकोचतात आणि त्याचा त्रास लांबून आलेल्या बायका दिवसभर सोसतात.

जेवणाचा दर ताटामागे ठरत असल्याने खरी बचत आमंत्रणाच्या यादीत आहे. सरसकट चूलबंद आवतण देण्याऐवजी माणसे मोजून बोलवावीत, हे सांगणे सोपे आणि भावकीत अमलात आणणे कठीण, हे मान्य आहे. परंतु पदार्थ तरी आवरता येतील. उन्हात मसालेभात, एक भाजी, जिलेबी आणि पोटभर मठ्ठा यापलीकडे फारसे कोणी खात नाही. दहा-बारा पदार्थांच्या रांगेतले निम्मे अन्न अखेरीस उकिरड्यावर जाते.

डीजेबद्दल थोडक्यात इतकेच की, रात्री 10 नंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवण्यास 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, तेव्हा वरातीचे पैसे ठरवताना हेही पाहावे.

या निमित्ताने ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना एक सूचना करावीशी वाटते. सुट्टीच्या काळात शाळांची पटांगणे माफक, जाहीर केलेल्या शुल्कात, पावती देऊन लग्नकार्यासाठी द्यावीत. तेथे नळाचे पाणी, वापरण्याजोगी शौचालये आणि विजेची अधिकृत तात्पुरती जोडणी मिळावी, आणि साफसफाईसाठी अनामत रक्कम घेऊन जागा स्वच्छ परत मिळाल्यावर ती परत करावी. आज पटांगण कोणाला मिळते, हे बहुधा ओळखीवर ठरते. दरपत्रक फलकावर लागले, तर ज्याची कोणाशी ओळख नाही अशा वधुपित्यालाही ते हक्काने मागता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, बारामती