माहेरी येताना फाईल तिकडेच राहते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळंतपणाला मुलगी माहेरी आणायची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे, पण त्या धांदलीत एक गोष्ट हमखास सुटते, आमच्याही घरी सुटली म्हणून हे पत्र लिहितेय. धाकटी बहीण पुण्याहून आली तेव्हा तिची फाईल तिकडेच कपाटात राहिली, आम्ही म्हटलं राहू दे, इथं नव्याने सगळं होईलच. मे महिन्याच्या सुरुवातीला तालुक्याला एका दवाखान्यात सोनोग्राफी केली, रिपोर्टवर आलं 31 आठवडे 5 दिवस आणि डिलिव्हरीची तारीख चांगली अडीच आठवडे पुढे गेली. आधीचा रिपोर्ट कुठंय, पाळी कधी आली होती, कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. उलट आई म्हणाली बरं झालं, तोवर पाऊस पडेल, उकाडा सरेल.

नंतर 9 तारखेला आशाताई तिला बळेच प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या, दर महिन्याच्या 9 तारखेला तिथं प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची फुकट तपासणी असते. मी सोबत होते. सिस्टरांनी आधी तिला लघवीला जाऊन यायला सांगितलं, मग झोपवलं, हाताच्या कडेने वरून हलकं दाबत दाबत गर्भाशयाचा वरचा काठ शोधला आणि शिंप्याकडे असते तसली साधी टेप, तीही आकडे खाली करून, ओटीपोटाच्या हाडापासून त्या काठापर्यंत लावली. आकडा आधी दिसला की हात आपोआप तिकडे सरकतो, म्हणून उलटी धरायची म्हणाल्या. मग टेप सुलटी केली, 31 सेंटिमीटर. मी म्हटलं बरोबर आहे की, पण त्यांनी विचारलं पाळीची तारीख सांग, आणि ती बहिणीला पक्की पाठ होती कारण त्याच दिवशी घरी गणपती बसले होते. सिस्टरांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या अगं तुला 35 आठवडे झालेत! 24 आठवड्यांनंतर जेवढे आठवडे साधारण तेवढे सेंटिमीटर उंची भरते, दोन-तीन इकडेतिकडे चालतं, इथं चार कमी होते.

भाऊजींनी त्याच संध्याकाळी पहिल्या सोनोग्राफीचा फोटो पाठवला, 12 व्या आठवड्यातली, आणि ती पाळीच्या तारखेशी जुळत होती. म्हणजे तारीख पुढे गेली म्हणून आम्ही निवांत बसलो होतो आणि तिकडे पोटात बाळ मागे पडत होतं.

त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी डॉप्लर केलं, त्यात नाळेतून रक्त कसं वाहतंय ते बघतात, बाळाभोवतीचं पाणी मोजलं, बाळ हलतंय का त्यावर रोज लक्ष ठेवायला सांगितलं आणि 37 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणून बाळंतपण केलं. मुलगी 2 किलो 50 ग्रॅमची झाली, काही दिवस लहान बाळांच्या विभागात ठेवावी लागली, आता छान आहे. पण जुलैची वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते प्रत्येक घरात माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं. शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफी बाळाचं डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजते आणि एवढं बाळ सरासरी किती आठवड्यांचं असतं ते छापते, म्हणजे तो आकडा बाळाच्या मापाचा असतो, वयाचा नसतो. वय ठरतं पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून, तिच्यात पाच-सात दिवसांचा फरक पडतो, शेवटच्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत तीन आठवड्यांपर्यंत पडू शकतो. म्हणून एकदा ठरलेली तारीख नंतर बदलायची नाही. वजनाचा अंदाजही दहा-पंधरा टक्के चुकतो, तेव्हा एका रिपोर्टवर घाबरूनही जाऊ नये, दोन-तीन आठवड्यांनी परत मोजून मधल्या काळात वाढ किती झाली ते बघायचं. नाळेतून कमी मिळायला लागलं की बाळ आधी मेंदूला पुरवतं आणि पोट बारीक राहतं, त्यामुळे डोकं बरोबर भरलं तरी पोटाचा आकडा बघायचाच.

आणि पोट बाहेरून केवढं दिसतं यावर जाऊ नका. आमच्या आत्या म्हणायच्या पहिलटकरणीचं लहानच दिसतं, ते आम्हाला पटलंही होतं.

डॉक्टरांना हात जोडून विनंती, मशीन आलं तरी टेप सोडू नका, दर वेळी लावा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर त्यासाठी जागा आहे तिथं आकडा लिहा, पहिल्या सोनोग्राफीची तारीख फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा. बायकांनाही सांगते, सोनोग्राफीच्या खोलीत पाटी वाचून आपण गप्प बसतो, पण मुलगा की मुलगी हे विचारणं गुन्हा आहे आणि असायलाच हवा, बाळ नीट वाढतंय का हे विचारायला कसली बंदी? मोकळेपणाने विचारा.

गेल्या आठवड्यात शेजारची मुलगी नाशिकहून बाळंतपणाला आली, सोबत फक्त शेवटचा रिपोर्ट. मी चहा बाजूला ठेवला आणि आधी तिच्या नवऱ्याला फोन लावायला सांगितला. रात्री नऊपर्यंत पहिल्या सोनोग्राफीचा फोटो आला, आता तो प्रिंट काढून तिच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावलाय.

आपली,
एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा