प्रवेशोत्सवाआधी शिक्षकांच्या बदल्या संपवा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १५ जूनच्या सुमारास, आणि विदर्भात उन्हामुळे त्यानंतर आठवड्या-पंधरवड्याने, जिल्हा परिषदेच्या शाळा उघडतात. पहिलीच्या मुलांचे औक्षण होते, कुठे सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक निघते, लोकप्रतिनिधींच्या हस्ते पुस्तके वाटली जातात. या प्रवेशोत्सवाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र उत्सवाची तयारी जितक्या काटेकोरपणे होते, तितकी वर्गावर शिक्षक उभा राहील याची होत नाही, आणि या पत्राचा विषय तेवढाच आहे.

ठरवले तर प्रशासनाला वेळ पाळता येते, हे पाठ्यपुस्तकांनी दाखवले आहे. बालभारतीकडे मागणी काही महिने अगोदर नोंदवली जाते आणि म्हणूनच पहिल्या दिवशी पुस्तके मुलांच्या हाती देता येतात. (पुस्तकांना वह्यांची कोरी पाने जोडण्याचा प्रयोग दोन वर्षांत गुंडाळावा लागला, हा भाग वेगळा.) गणवेशाचा अनुभव याच्या उलट आहे. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकाच रंगाचे कापड घेऊन ते महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचे ठरले. परिणामी असंख्य मुलांनी स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदनही जुन्याच कपड्यांत केले, आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. गावातल्या शिंप्याला गावातल्या मुलांची मापे ठाऊक असतात, एवढे उमगायला एक अख्खे शैक्षणिक वर्ष खर्ची पडले.

परंतु गणवेश उशिरा आला तरी मूल शिकू शकते. शिक्षकाविना ते अडते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या बहुसंख्य शाळा द्विशिक्षकी आहेत. त्यांतल्या एकाकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभार असतो. नवे दाखले, यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन प्रणालीतील नोंदी, आधार पडताळणी, पोषण आहाराचा हिशेब आणि तालुक्याच्या बैठका ही सारी कामे जून-जुलैत त्याच्याच माथी येतात. अशा वेळी दुसऱ्या शिक्षकाची बदली झाली आणि बदलीवर येणारा वेळेत रुजू झाला नाही, तर पाच इयत्तांची मुले एकाच खोलीत बसतात आणि फळ्यावर पाढे लिहून देण्यापलीकडे काही घडत नाही. पहिलीच्या मुलासाठी तर हेच आठवडे मोलाचे असतात. त्याला शाळेची, बाईंच्या आवाजाची सवय लागायची असते, आणि ज्याच्या घरी कोरकू, भिली किंवा गोंडी बोलली जाते त्याला मराठीशीही ओळख करून घ्यायची असते.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या साधारणतः एप्रिल-मे महिन्यांत व्हाव्यात, हे राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याचे सूत्र आहे. ज्यांचे वर्षच जूनमध्ये सुरू होते, त्या शिक्षकांच्या बाबतीत ते सर्वांत कसोशीने पाळले जायला हवे. प्रत्यक्षात २०२५ मध्ये जिल्हांतर्गत बदल्यांची ऑनलाइन प्रक्रिया शाळा सुरू झाल्यानंतरही चालूच होती. शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत, दुर्गम भागात वर्षानुवर्षे काढलेल्यांना सोयीच्या ठिकाणी जाण्याचा हक्कही आहे. पण तो ऐन सत्रात बजावला गेला की किंमत मुले मोजतात.

म्हणून जिल्हा परिषदांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना विनंती आहे की बदल्या व समायोजनाचे (जादा ठरलेल्या शिक्षकांना रिक्त जागी नेमण्याचे) आदेश ३१ मेपर्यंत निघावेत. ते शक्य न झाल्यास, त्याच्या जागी येणारा शिक्षक प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत द्विशिक्षकी शाळेतील कोणालाही कार्यमुक्त करू नये. तसेच शाळा उघडण्याच्या दिवशी मंजूर पदे किती, भरलेली किती आणि हजर किती, हे प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावे. त्यासाठी निधी लागत नाही, आणि पुस्तके वाटायला आलेल्या पाहुण्यांनाही ते वाचता येईल.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख