फोटोमागच्या अनोळखी हातांचे आभार

राष्ट्रीय उद्यानात फोटो जमला की श्रेय कॅमेऱ्याला जातं. हे आभार बाकीच्यांचे.

पहिले, प्राणी दिसताच न सांगता इंजिन बंद करणाऱ्या चालकांचे. गाडीची थरथर दूरचं जवळ आणणाऱ्या ५०० मिमीच्या लेन्समधून ठळक दिसते आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हलणं कमी करणारी सोय) ती पूर्ण आवरू शकत नाही. त्यातही सूर्य पाठीशी ठेवून, प्राण्याची वाट न अडवता, अंतर राखून गाडी लावणारे असतील तर निम्मा फोटो त्यांचाच!

खिडकीच्या कडेवर लेन्स टेकवायला स्वतःची बीनबॅग (दाणे भरलेली छोटी उशी) देणाऱ्या सहप्रवाशांचे आभार. गाडीत ट्रायपॉड बहुधा अडगळच ठरतो. धावत्या प्राण्यासाठी शटरचा वेग १/१६०० सेकंद ठेवा, आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या, असं ऐनवेळी कुजबुजणाऱ्यांचेही. त्यामुळे येणारा नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सहसा सुधारत नाही.

दुपारी दूरचे डोंगर धूसर आले तर दोष लेन्सला देऊ नका, हवा तापलेली असते, हे समजावणाऱ्या गाईडचे आभार. आणि धुळीत लेन्स बदलताना 'आधी कॅमेरा बंद करा, त्याचं तोंड खाली धरा' म्हणून टोकणाऱ्यांचे तर खास.