कृषिमंत्र्यांना खुले पत्र: कर्बाच्या आकड्याशेजारी पद्धतही छापा

माननीय कृषिमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. जमिनीत कर्ब साठवल्याबद्दल शेतकऱ्याला मोबदला देण्याची भाषा आता सगळीकडे सुरू आहे. ज्या आकड्यावर तो मोबदला ठरायचा, तो प्रयोगशाळेत कसा निघतो हे आपल्या कानी घालायचे आहे.

मातीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) मोजण्याची वॉकली-ब्लॅक पद्धत 1934 सालची, आणि आजही असंख्य प्रयोगशाळा तिच्यावरच चालतात. मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि संहत सल्फ्युरिक आम्ल घालायचे, उरलेले डायक्रोमेट टायट्रेशनने मोजायचे, आणि जितके खर्ची पडले त्यावरून कर्ब काढायचा. स्वस्त आणि सोपे काम. मात्र मिश्रणाच्या स्वतःच्या उष्णतेत सगळ्या कर्बाचे ऑक्सिडीकरण होत नाही. सुमारे 77 टक्के होते असे धरून उत्तराला 1.3 ने गुणतात. प्रत्यक्षात हे प्रमाण मातीगणिक बदलते. क्षारयुक्त जमिनीतले क्लोराइड आणि पाणथळ जमिनीतले फेरस लोहही डायक्रोमेट वापरून टाकते, म्हणजे कर्ब असतो त्याहून जास्त दिसतो. शिवाय डायक्रोमेट कर्करोगकारक. क्रोमियममिश्रित आम्लाच्या विल्हेवाटीसाठी अंदाजपत्रकात तरतूद कुठे असते, हे एकदा विचारून पाहावे.

यावर उपाय म्हणून कोरड्या ज्वलनाचे यंत्र सुचवले जाते. माती 900 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड ते मोजते. पद्धत उत्तमच, पण चुनखडीतला अजैविक कर्बही त्यात धरला जातो. तो आधी आम्लाने काढावा लागतो, नाहीतर वेगळा मोजून वजा करावा लागतो; चुनखडी भरपूर आणि सेंद्रिय कर्ब थोडा असेल तर या वजाबाकीत चूक फुगते. नमुनाही अगदी थोडा लागत असल्याने माती पिठासारखी दळावी लागते. यंत्र खरेदी करताना दळणयंत्राचा विसर पडतो.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. एकच माती 1.3 चा गुणक न लावता 0.50 टक्के, लावला की 0.65 टक्के. पद्धत बदलली की शेतात मूठभर खत न पडताही कर्ब कागदावर वाढेल, आणि त्याचे श्रेय कुठलीतरी योजना घेईल.

म्हणून जुनी पद्धत एका फटक्यात बंद करू नका. जमिनीच्या प्रत्येक प्रकाराचे नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून त्यांचा संबंध बसवू द्या. वाळवलेली माती फेकू नका, जपून ठेवा. तपासणीच्या प्रत्येक खेपेत, पडताळणीसाठी, माहीत असलेल्या कर्बाचा एक नमुना असावा. अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने 2017 मध्ये उभे राहिलेले ग्लोसोलान हे प्रयोगशाळांचे जाळे अशाच एकसूत्रीपणासाठी आहे. तिथल्या तुलनात्मक चाचण्यांत आपल्या प्रयोगशाळा उतरवा.

यंत्रे येतील तेव्हा येतील. अहवालावर पद्धतीचे नाव आणि वापरलेला गुणक छापण्याचा आदेश मात्र या महिन्यातच काढावा, ही विनंती.

आपला,
माती परीक्षण प्रयोगशाळेतील एक विश्लेषक