दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटमधल्या काउंटरवरच्या मॅडमना, पेडण्याहून

मॅडम, तुमचं नाव आम्हाला माहीत नाही, माझ्या धाकट्या भावाने बघायचा प्रयत्न केला पण गळ्यातलं कार्ड उलटं फिरलेलं होतं आणि विचारायची त्याला हिंमत झाली नाही, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय, कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

शारजात त्याच्या कंपनीने चार महिने पगार दिला नाही, पासपोर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतलेला, आणि एका सकाळी ऑफिसला कुलूप. इकडे आईचं ऑपरेशन ठरलेलं, एजंट फोन उचलेना. तुमच्याकडे आला तेव्हा पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा नव्हती, मोबाईलमध्ये एक धूसर फोटो होता आणि त्यात नंबरचे शेवटचे दोन आकडे बोटाखाली गेलेले. तुम्ही तो फोटो मोठा करून बघितलात, आईबाबांची नावं, गाव, जन्मतारीख विचारत सिस्टीममध्ये शोधत बसलात, मागे केवढी लाईन, आणि सापडल्यावर म्हणालात, "मिल गया, अब पानी पियो." हे वाक्य त्याने घरी आल्यापासून किती वेळा सांगितलं असेल.

मग इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे फक्त एकदाच भारतात परत यायचा कागद. पोलिसांत काय द्यायचं, देश सोडायच्या परवानगीसाठी, म्हणजे एक्झिटसाठी कुठे जायचं, सगळं तुम्ही टोकनच्या मागे पेनाने लिहून दिलंत, ते टोकन अजून त्याच्या पाकिटात आहे. तिकिटाचे पैसे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडातून मिळाले. हा फंड 2009 पासून आहे आणि कॉन्सुलेटच्या कामांवर जी थोडी जास्तीची फी घेतात त्यातून भरतो हे आम्हाला नंतर कळलं, म्हणजे कुणाकुणाच्या पासपोर्ट रिन्यूअलच्या पैशातले थोडे आमच्या पोराच्या तिकिटाला लागले, त्या सगळ्यांचेही आभार.

आमच्याकडे गल्फला घरटी एक माणूस, पण कॉन्सुलेट म्हणजे परदेशातलं आपल्या माणसांच्या कामांचं सरकारी ऑफिस हे कुणाला धड ठाऊक नाही, सगळे सरसकट एम्बसी म्हणतात, आणि एम्बसी तर अबू धाबीला. शारजावाल्याने दुबईच्या कॉन्सुलेटला जायचं हेच त्याला कळायला आठ दिवस गेले. जाणाऱ्या प्रत्येकाला हे इथेच, घर सोडायच्या आधी सांगायला पाहिजे असं मला अगदी कळकळीने वाटतं.

आजीला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे. तिचं माहेर भारतातलं बांदा, सासर गोव्यातलं पेडणे, मध्ये फक्त सीमेवरचं पत्रादेवी. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि 1 सप्टेंबरला भारताने पणजीतलं आपलं कॉन्सुलेट बंद केलं. नाकेबंदी लागली, कॅसलरॉककडची रेल्वे थांबली, मुंबईत गिरणीत असलेल्या आजोबांच्या भावाची मनीऑर्डर यायची बंद झाली, आणि दुकानात बटाटे आले तर ते थेट हॉलंडचे. बांद्याचा बाजार चालत जाण्याइतका जवळ, तिथून काही आणायचं तर चोरून. तिच्या आईची तब्येत बिघडली तेव्हा ती नाक्यापर्यंत गेली आणि परत आली, कागद मागायचा तर कोणाकडे, आपलं असं ऑफिसच उरलं नव्हतं. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर माहेरी गेली तेव्हा आई नव्हती.

मी स्वतः काजू फॅक्टरीत कागदपत्रं बघते. काजू बी आफ्रिकेतून येते, बेनिन, आयव्हरी कोस्ट. मालाच्या एका सर्टिफिकेटवर शिक्का राहिला की कंटेनर बंदरात अडकतो आणि पंधरा बायकांचं काम थांबतं, तेव्हा शिक्क्याची किंमत मला रोजच कळत होती. पण माणूससुद्धा तसाच अडकतो हे भाऊ अडकल्यावर कळलं. 1963 च्या व्हिएन्ना करारात परदेशातल्या आपल्या माणसाला मदत करणं हे कॉन्सुलेटचं काम म्हणून लिहिलेलंच आहे, पण पाणी प्यायला सांगणं त्यात कुठे लिहिलंय मॅडम, ते तुमचं स्वतःचं.

तो मुंबईमार्गे इथल्या मोपा विमानतळावर उतरला, ऑपरेशनच्या आदल्या रात्री. सर्टिफिकेट मुंबईला इमिग्रेशनने ठेवून घेतलं, आमच्याकडे झेरॉक्स आहे. आई आता जिने चढते. आजीने त्याला समोर बसवून काउंटरची गोष्ट तीनदा ऐकली आणि दर वेळी मध्येच थांबवून एकच विचारलं, "आणि तिने तुला परत नाही ना पाठवलं?"

पेडण्याहून,
त्याची ताई