‘ठीक आहे’चं इंग्रजी करण्याआधी

महोदय,

ईमेल आणि व्हॉट्सॲपमुळे आता कितीतरी मराठी माणसं रोज इंग्रजीतून होकार देतात, धीर देतात. शब्द साधेच असतात: ओके, फाइन, ऑल राइट, नो प्रॉब्लेम. व्याकरण चुकत नाही, तरी समोरचा दुखावतो किंवा भलताच अर्थ घेतो. मुलांना इंग्रजी शिकवताना याचं मूळ वारंवार एकाच जागी सापडतं, ते म्हणजे आपलं ‘ठीक आहे’. होकार, माफी, नकार, नाइलाज हे सगळं ते एकटं पेलतं, कारण फरक आपण आवाजाने दाखवतो. लिहिलेल्या इंग्रजीत तो आवाज नसतो.

कुणी ‘सॉरी’ म्हटल्यावर ‘दॅट्स राइट’ असं उत्तर दिलं, तर अर्थ होतो ‘बरोबर, चूक तुमचीच’. तिथे हवं ‘दॅट्स ऑल राइट’, म्हणजे ‘असू दे’. एका ‘ऑल’ने एवढा फरक पडतो.

‘फाइन’ जास्त फसवं. तब्येत विचारली तर ‘आय ॲम फाइन’ योग्यच. बैठक चार वाजता ठेवू का, याला ‘दॅट्स फाइन विथ मी’ म्हणजे ‘मला चालेल’. पण नुसतं ‘फाइन’ लिहून पूर्णविराम दिला, की ते ‘करा काय करायचं ते’ असं वाचलं जाऊ शकतं. आणि चहा विचारल्यावर ‘आय ॲम फाइन’ म्हणालात तर चहा येणार नाही, कारण तो नकार आहे. घ्यायचा असेल तर ‘येस, प्लीज’ म्हणावं.

‘ओके’मध्ये संमती असते, कौतुक नसते. हाताखालच्या माणसाने मेहनतीने केलेला अहवाल पाहून ‘इट्स ओके’ लिहिलं, तर त्याला ‘जेमतेम आहे’ असंच कळणार. काम आवडलं असेल तर ‘लुक्स गुड’ लिहावं, आणि नेमकं काय आवडलं तेही. परदेशातल्या वरिष्ठांचा ‘क्वाइट गुड’ हा शेरा वाचताना माणूस कुठला ते पाहावं: अमेरिकी माणसाचा अर्थ बहुधा ‘खूपच छान’ असतो, ब्रिटिश माणसाचा अनेकदा ‘बऱ्यापैकी’.

‘माइंड’ असलेला प्रश्न आला की उत्तर उलटं होतं. ‘वुड यू माइंड’ म्हणजे ‘तुमची हरकत आहे का’. त्याला उत्साहाने ‘येस’ म्हटलं तर शब्दशः नकार होतो. ‘नॉट ॲट ऑल’ म्हणावं. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला ‘नेव्हर माइंड’ तर कधीच लिहू नये, कारण ते ‘जाऊ दे, सोडा’ असं वाचलं जातं. ‘डोन्ट वरी’ चालतं, पण काम कधी होईल ते आधी सांगितल्यावरच.

विमानवाहतुकीत हे शब्द मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. ‘रॉजर’ म्हणजे होकार नव्हे. ‘तुमचा संदेश पूर्ण मिळाला’ एवढंच. होकाराला ‘अफर्म’, सूचना पाळतो हे सांगायला ‘विल्को’. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, पण उड्डाणाला निघालेल्या विमानाला नियंत्रकाने दिलेल्या उत्तराची सुरुवात ‘ओके’ने झाली होती आणि त्यापुढची ‘थांबा’ ही सूचना एकाच वेळी झालेल्या दुसऱ्या संभाषणाच्या गोंगाटात बुडाली, हे त्यांतलं एक.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी येऊन २००० सालापासून पाव शतक झालं. हे शब्द समानार्थी यादीत न देता कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर, अशा जोड्यांनी शिकवावेत, आणि आधी मराठीतच नेमका शब्द निवडायला लावावा. तो आपल्याकडे आहेच: ‘चालेल’ला ‘दॅट्स फाइन विथ मी’, ‘असू दे’ला ‘दॅट्स ऑल राइट’, ‘राहू दे’ला ‘नेव्हर माइंड’, ‘नको’ला ‘आय ॲम फाइन, थँक्स’. आपल्या दैनिकाने इंग्रजी संभाषणाचा मजकूर छापताना हीच पद्धत वापरावी, ही विनंती.

– एक इंग्रजी शिक्षिका, सातारा