मूकपटांतील श्वान-नायकांची आठवण

माननीय संपादक,

मूकपटांच्या इतिहासाची चर्चा होते तेव्हा श्वान-कलावंत विस्मरणात जातात, याची खंत वाटते. १९०५ साली इंग्लंडमध्ये चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांनी पळवलेल्या बाळाचा माग काढणाऱ्या कुत्र्याची कथा चित्रित केली; त्यात त्यांच्याच घरचा कुत्रा ब्लेअर झळकला, आणि प्रतींना इतकी मागणी आली की ज्यावरून प्रती काढतात ती मूळ फिल्म (निगेटिव्ह) झिजून संपूर्ण चित्रपट दोनदा नव्याने चित्रित करावा लागला. पुढे अमेरिकेत स्ट्राँगहार्ट या कुत्र्याने, तसेच १९१८ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर सापडलेल्या रिन टिन टिनने साहसपट गाजवले. संवादच नसल्याने प्राणी व माणूस पडद्यावर समान पातळीवर येत, हे मला फार मोलाचे वाटते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने हे मूकपट शालेय मुलांना दाखवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक चित्रपटप्रेमी, पुणे